मार्गळीत न आंबलेली टाकी

जानकीरामरावांना डोळ्यांनी कमी दिसे आणि कानांनी त्यांना हवं तेवढंच ऐकू येई, पण नाक मात्र असं तिखट की कुणाच्या मंडपात पाय ठेवला की मागच्या अंगणातलं ताक सकाळचं की कालचं ते दारातूनच सांगावं. कुंभकोणम् आणि भोवतालच्या पंचवीस-तीस गावांत त्यांनी अडतीस वर्षं लग्नाचा स्वयंपाक केला. गावातले तमिळ लोक त्यांना 'रायर' म्हणत. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर तमिळ, आणि रागावले की दोन्ही एकदम. त्यांचे पूर्वज तंजावरच्या राजवाड्यात होते असं ते सांगत. राजवाड्यात नेमके काय होते हे मात्र ऐकणाऱ्यावर अवलंबून असे. मोठ्या घरचं लग्न असलं की पूर्वज दरबारात बसत, साध्या घरचं असलं की मुदपाकखान्यात उतरत.

बासष्टाव्या वर्षी गुडघ्यांनी दगा दिला. चुलीपुढे चार तास उभं राहणं जमेना, म्हणून राव घरी बसले, आणि घरी बसले ते सुंदरीबाईंच्या डोक्यावर. सुंदरीबाई म्हणजे त्यांची बायको. तिनं चाळीस वर्षं आपल्या स्वयंपाकघरात सुखानं राज्य केलं होतं, कारण हा माणूस सदा लोकांच्या स्वयंपाकघरात असे. आता तो रोज मागे उभा राहून म्हणू लागला, हिंग कमी, चिंच जास्त, फोडणी करपली. महिनाभरात तिनं नणंदेच्या मुलीला फोन लावला.

"विद्या, तुझ्या मामांस कोठे तरी कामास लाव गे. नाही तर मी कासीस जाते."

नणंदेची मुलगी म्हणजे श्रीविद्या. वय एकतीस, रसायनाची इंजिनिअर. चेन्नईला एका संशोधन संस्थेत होती, आणि त्या संस्थेनं तिला कुंभकोणम् जवळच्या साक्कोट्टैला एका बंद पडलेल्या भातगिरणीच्या आवारात एक प्रयोग उभा करायला दिला होता. पाच हजार लिटरची पोलादी टाकी, एक पाला कापायचं यंत्र, नळ्या, मीटर, आणि लग्नाच्या मंडपांतून, म्हणजे मंगल कार्यालयांतून, येणारा ओला कचरा. त्या कचऱ्यातून हायड्रोजन काढायचा, हायड्रोजनवर वीज करायची. जळला तरी धूर नाही, जळून उरतं ते पाणी. तिची सगळी उमेद त्या टाकीत होती.

मामा पहिल्यांदा आले ते हात मागे बांधून, परीक्षकासारखे. टाकीभोवती दोन फेऱ्या मारल्या. मग विचारलं, "आंत काय करतेस?"

श्रीविद्येनं सांगितलं की केळीची पानं, खुंट, उरलेला भात बारीक करून आत घालायचा, हवा बंद करायची, आतले जंतू ते खातात आणि वायू सोडतात. मामांनी कपाळाला आठ्या घातल्या.

"म्हणजे आंबवणंच की!"

"होय मामा, अस्क, सगळं आंबवणंच."

"मग मज आधीं सांगायचं नाही? इतकी इंग्रजी कशास बोललीस?"

दुसऱ्या दिवसापासून राव कामावर. हुद्दा 'कच्चा माल देखरेख'. मंडपांचे सगळे व्यवस्थापक त्यांच्या ओळखीचे, कुठल्या लग्नाला किती पानं उठणार हे त्यांना पत्रिकेवरूनच कळे. संस्थेतल्या दोघा-तिघांनी नाकं मुरडली. मामाला चिकटवलं, दहावी नापास आचाऱ्याला प्रयोगशाळेत घेतलं, असं चेन्नईपर्यंत बोलणं गेलं. श्रीविद्येनं ते ऐकून घेतलं आणि मामांना कळू दिलं नाही. मामांना अर्थात कळलं होतं. तेव्हापासून ते कामावर धुतलेला पांढरा शर्ट घालून येऊ लागले आणि सगळ्यांदेखत भाचीला 'मॅडम' म्हणू लागले.

त्यातलं एक काम त्यांच्या फार जिवावर आलं. टाकीला सुरुवातीचं विरजण लागतं, ते शेणकाल्याचं. आणि तो शेणकाला आधी चांगला उकळून घ्यायचा, कारण त्यातले काही जंतू हायड्रोजन करतात आणि काही तो खाऊन टाकतात. उकळलं की खाणारे मरतात, करणारे चिवट, ते तग धरतात. शास्त्र समजलं, पण ज्या हातानं साठ-साठ पायल्यांचं पायसम ढवळलं त्या हातानं कढईत शेण उकळायचं! पहिल्या दिवशी राव भिंतीकडे तोंड करून ढवळत होते. सुंदरीबाईंना कळल्यावर त्या एवढंच म्हणाल्या, "तो झारा घरांत आणूं नका."

पण विरजण लागलं, आणि मग राव रमले. टाकी फार आंबट झाली की वायू थांबतो, तेव्हा चुन्याची निवळी घालायची. श्रीविद्या कागदाची पट्टी बुडवून रंग बघे, मामा नमुन्याच्या नळाखाली नाक नेत आणि तिच्या आधी सांगत, "पुळलं जास्त. चुना घाल." चिंचेसारखं आंबट झालं की त्यांच्या तोंडून तमिळच येई. पट्टी आणि नाक यांचं बहुतेक जमायचं. आठवड्यात मीटरवरचा आकडा अठ्ठेचाळीसला जाऊन थांबला. म्हणजे निघणाऱ्या वायूत शंभरातला अठ्ठेचाळीस भाग निव्वळ हायड्रोजन.

एका दुपारी श्रीविद्येनं छोट्या शेगडीवर तो पेटवून दाखवला. मामांनी वाकून पाहिलं.

"कोठे आहे जाळ?"

"पुढेंच आहे. दिवसां दिसत नाही."

न दिसणारा जाळ! आयुष्यभर जाळाचा रंग बघून भात उतरवलेल्या माणसाला हे पटेना. श्रीविद्येनं कागदाचं टोक पुढे धरलं, ते भुर्रकन जळलं. मग रावांना काय सुचलं कोण जाणे, त्यांनी डब्यातलं चिमूटभर मीठ वरून सोडलं आणि क्षणभर पिवळीधमक ज्योत उभी राहिली. राव लहान मुलासारखे हसले. काल मुहूर्ताला उठलेल्या पंगतीची पानं होती ती. अडतीस वर्षं त्यांच्या पंगतींचं उष्टं गावाबाहेरच्या खड्ड्यात कुजत पडलं होतं आणि त्यात एवढा जाळ होता, हे कळून त्यांना आनंदही झाला आणि थोडी हळहळही वाटली.

ऐप्पसी आणि कार्तिक हे दोन महिने मुहूर्तांची नुसती झुंबड होती. पानांचा ढीग गिरणीच्या छपराला लागला. आवारातले दिवे, पाला कापायचं यंत्र, सगळं टाकीच्या विजेवर. संस्थेचं पत्र आलं की तै महिन्याच्या, म्हणजे संक्रांतीला लागणाऱ्या महिन्याच्या, दहाव्या दिवशी समिती येणार. त्या दिवशी टाकी नीट चालताना दिसली आणि समितीचं समाधान झालं तर प्रयोग साक्कोट्टैत पुढे तीन वर्षं चालेल. नाही तर टाकी उचलून दुसऱ्या गावी, दुसऱ्याच्या हाती. श्रीविद्येनं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्याच्या हाती गेली की तिनं पाच वर्षं केलेलं काम तिचं उरणार नव्हतं.

आणि मग मार्गळी लागली.

मार्गळीत लग्न होत नाही. सगळा महिना देवाचा. पहाटेची पूजा, देवळांत गरम पोंगलची खिचडी, दारात रांगोळ्या, आणि मंडपांना कुलपं. लग्नं नाहीत म्हणजे पंगती नाहीत, पंगती नाहीत म्हणजे पानं नाहीत. हे रावांना जन्मापासून ठाऊक, पण टाकीच्या पोटाचा विचार त्यांनी केला नव्हता. देवळांतले पानांचे द्रोण आणायला सुरुवात केली, ते अर्ध्या टाकीलाही पुरेनात. आठवड्याभरात श्रीविद्येचा चेहरा उतरला. मामांना ते बघवेना.

"मॅडम, तुम्ही चिंता करूं नका," ते म्हणाले. "मी आहे."

आणि ते थेट महालिंगांकडे गेले. महालिंग म्हणजे विड्याच्या पानांचे घाऊक व्यापारी, रावांचे तीस वर्षांचे स्नेही. कुंभकोणमचं कोवळं पान चेन्नईपर्यंत नावाजलेलं, आणि महालिंगांच्या वखारीत पिवळी पडलेली, डागाळलेली, देठाला सुटलेली पानं रोज तीन पोती निघत. ती नेऊन टाकायचाच त्यांना ताप होता. "न्या रायर, सगळी न्या," ते म्हणाले. तीन पोती रोज, फुकट, हिरवीगार, वर धूळ नाही की प्लॅस्टिक नाही. राव टेम्पोत पुढे बसून असे आले जणू वरातच आणली. श्रीविद्येनं पोत्यात हात घालून पाहिलं, पानंच ती, पाला तो पाला. तिनं मामांचे दोन्ही हात धरले.

चार दिवस बरे गेले. पाचव्या दिवशी आकडा अठ्ठेचाळीसवरून एकेचाळीसवर आला. मग एकतीस. मग बारा. पोंगलच्या सणाला पाच दिवस उरले तेव्हा मीटरवर दोन होते, आणि तेही दया म्हणून दाखवत असावा.

श्रीविद्येनं काय काय केलं नाही! चुना वाढवला, कमी केला, ढवळणं बदललं, नळ्या सोडून धुतल्या. पहाटे गारठा पडत होता, म्हणून तिला वाटलं टाकी ऊब धरत नाही. ऊब देणारं यंत्र पुरवणाऱ्याला तिनं तिखट पत्र लिहिलं. तो म्हणाला यंत्र ठणठणीत आहे. राव मात्र पुन्हा पुन्हा नळाशी जात होते. नमुन्याच्या नळाखाली नाक नेलं की त्यांना काहीतरी खटकत होतं. आंबूस वास नव्हता, कुजल्याचाही नव्हता. तीन आठवडे आत पडलेला पाला काल घातल्यासारखा वास देत होता, आणि हे असं का ते त्यांना उमगत नव्हतं.

भोगीच्या आदल्या दिवशी सकाळी ते घरी स्वयंपाकघराच्या दारात कॉफी घेत उभे होते. सुंदरीबाईंनी इडलीचं पीठ, त्यांच्या बोलीत मावु, वाटून ठेवलं होतं, मोठं पातेलं भरून, कारण पोंगलला मुलगी-जावई, नातवंडं सगळी येणार होती. फ्रिजमध्ये उसाचे तुकडे, भाज्या, दूध, मुंगी शिरायला जागा नव्हती. तिनं डब्यातून चार-पाच विड्याची पानं काढली, पुसली, आणि पिठावर पालथी घातली.

"अगे, काय करतेस हें?"

"पाहुणे परवां येणार. मावु तवंपर्यंत पुळूं नये म्हणून वेत्तल घातलं. तुम्हीच शिकवलं की!"

त्यांनीच शिकवलं होतं. वैशाखातली लग्नं, संध्याकाळी वाटलेलं पीठ पहाटेपर्यंत आंबट ढाण होऊन जायचं, म्हणून प्रत्येक पातेल्यात मोजून विड्याची पानं घालायची. ती घातली की पीठ आंबायचं थांबतं. या जिल्ह्यातल्या प्रत्येक आचाऱ्याला हे ठाऊक. राव हातातली कॉफी तशीच ठेवून पाटावर बसले. रोज तीन पोती! आंबावी म्हणून ज्या टाकीची ते पूजा करत होते तिच्यात त्यांनी स्वतःच्या हातानं, मिरवत, न आंबण्याचं औषध ओतलं होतं.

"काय होलं?" सुंदरीबाईंनी विचारलं.

"मी पोरीचं वाटोळं केलं," राव म्हणाले आणि चप्पल घालून निघाले.

साक्कोट्टैला जाणाऱ्या बसमध्ये त्यांच्या मनात नको तो विचार आलाच. कुणाला कळलेलं नाही. आजपासून पोती बंद करू, टाकी धुऊ, नवं विरजण लावू, आकडा चढेल, आणि सगळे म्हणतील ऊब देणारं यंत्र सुधारलं. ज्यांनी दहावी नापास म्हणून नाकं मुरडली त्यांना बोलायला जागाच राहणार नाही. विचार चांगला गुळगुळीत होता. साक्कोट्टैच्या देवळाचं शिखर दिसेपर्यंत तो त्यांना पटतही होता. मग त्यांना आठवलं की त्या यंत्रवाल्याला पोरीनं काय काय लिहिलंय, आणि त्यांची त्यांनाच शरम वाटली.

"विद्या, टाकी मी मारली," ते आत शिरताच म्हणाले. मॅडम म्हणायचं राहून गेलं.

त्यांनी सगळं सांगितलं. श्रीविद्या ऐकत उभी होती. तिला लगेच पटलं. पानांत जंतूंना मारणारं काहीतरी असणार हे पुस्तकातून तिलाही कळायला हवं होतं. पण माणूस चिडतो तेव्हा आधी समोरच्यावर चिडतो.

"मामा, अडतीस वर्षं तुम्हांस हें ठाऊक! तरी घातलं?"

"ठाऊक होतं तें मावाचं," राव म्हणाले. "टाकी मज टाकीच दिसली गे. मावु दिसलं नाही."

ती खुर्चीवर बसली. राव उभेच होते, गुडघे दुखत होते तरी. शेवटी ती म्हणाली, "समितीपुढे हें बोलूं नका. मामाला घेतलं म्हणून आधींच बोलतात. मामानं टाकी मारली म्हटलं तर अस्क संपलं. थंडीनं होलं म्हणून मी लिहिते. मज वचन द्या."

"सरी," राव म्हणाले. तिच्यासाठी ते काहीही कबूल झाले असते.

मग दोघं कामाला लागली. टाकी उपसली, धुतली, पुन्हा धुतली. रावांनी पुन्हा कढई चढवली, आणि या वेळी भिंतीकडे तोंड केलं नाही. आणि आत घालायला पोंगलच धावून आला. सण झाला की कावेरीच्या या सगळ्या खोऱ्यात उसाची वाढी, चघळलेली चिपाडं, दारात बांधलेले उसाचे शेंडे यांचा खच पडतो. राव गल्लीगल्लीतून टेम्पो फिरवत होते. केळीच्या बागांतून खुंट आणले. गोड रस, नवं विरजण, आणि चिमूटभरही वेत्तल नाही. चौथ्या दिवशी मीटर नऊ म्हणाला. पाचव्या दिवशी बावीस. आठव्या दिवशी त्रेपन्न, कधी नव्हे इतका!

एक गोष्ट रावांनी कुणाला न सांगता केली. सोड्याच्या दोन बाटल्या घेतल्या, दोन्हीत तोच उसाचा रस, तोच उकळलेला शेणकाला, आणि एकीत वाटून घातलेली विड्याची पानं. तोंडांवर नातवाचे दोन फुगे ताणून बसवले आणि टाकीच्या उबेत फळीवर ठेवल्या. नाकावर त्यांचा विश्वास होता, पण पोरीच्या टाकीची बाब होती, डोळ्यांनी बघायचं होतं. दोन दिवसांत एक फुगा टम्म फुगून उभा राहिला. दुसरा बाटलीच्या गळ्यावर लोंबत होता.

तैच्या दहाव्या दिवशी समिती आली. तिघे जण, त्यांतले मुख्य विष्णुवर्धन, पिकल्या केसांचे शास्त्रज्ञ, बोलणं तोलून मापून. त्यांनी मीटर पाहिला, विजेचा दिवा लावून विझवून पाहिला, वायूचा नमुना स्वतः तपासला. बाकीचे दोघे एकमेकांकडे बघून माना डोलवू लागले. श्रीविद्येच्या गालांवर तीन आठवड्यांनी रंग आला. राव कोपऱ्यात पांढऱ्या शर्टात उभे होते.

मग विष्णुवर्धनांनी नोंदवहीची पानं मागे उलटली.

"मार्गळीत हे काय झालं?"

"थंडी, सर," श्रीविद्या म्हणाली. "टाकीनं ऊब धरली नाही."

"तापमानाची नोंद दाखवा."

दाखवावीच लागली. महिनाभराची रेघ, छत्तीस अंशांवर, सरळ. कुठे इकडची तिकडे नाही. विष्णुवर्धनांनी ती रेघ बोटानं शेवटपर्यंत पाहिली आणि वही मिटली. ते रागावले नाहीत, तेच जास्त वाईट होतं.

"आज टाकी उत्तम चालते आहे," ते म्हणाले. "पण ती पडली का हे तुम्हाला माहीत नाही. मग उद्या पुन्हा पडणार नाही हे कशावरून? न समजलेली गोष्ट मी गावोगाव कशी बसवू?"

श्रीविद्येपुढे पेच पडला. खरं सांगावं तर मामा जातात, न सांगावं तर टाकी जाते. ती मामांकडे बघायचं टाळत होती. आणि मामांनी तिला आयुष्यात दिलेलं पहिलं वचन तिथल्या तिथे मोडलं.

"अय्या, टाकी थंडीनं नाही पडली. मी पाडली," राव तमिळमध्ये खणखणीत आवाजात म्हणाले. "मॅडमनी मला वाचवायला थंडी लिहिली."

त्यांनी फळीवरच्या दोन्ही बाटल्या आणून टेबलावर ठेवल्या. "दोन्हीत माल एक, विरजण एक. हिच्यात वेत्तल घातलंय, हिच्यात नाही. मार्गळीत लग्नं नसतात, पानं मिळेनात, म्हणून मी विड्याची पानं आणून टाकीत घातली. रोज तीन पोती. त्यानं आंबणं थांबतं हे मला आचारी म्हणून माहीत होतं, आणि तरीही घातलं. दोष टाकीचा नाही, मॅडमचा नाही, यंत्रवाल्या बिचाऱ्याचा तर मुळीच नाही."

विष्णुवर्धनांनी फुगलेल्या फुग्याला बोट लावलं, मग लोंबणाऱ्याला. एका बाटलीचा फुगा काढून नाक जवळ नेलं. नाक नेण्याची ती पद्धत बघून रावांना तो माणूस एकदम आवडला.

"हे कुठे शिकलात?"

"लग्नांत."

"किती पानं लागतात आंबणं थांबवायला?"

"वैशाखात मोठ्या पातेल्याला चाळीस. कार्तिकात वीसही पुरतात. कोवळं पान असेल तर जास्त, जून पान जालीम, त्याचं कमी लागतं."

विष्णुवर्धनांनी खिशातून पेन काढलं आणि ते लिहून घेतलं. कोवळं, जून, चाळीस, वीस. अडतीस वर्षांत रावांनी शेकडो पोरांना हे ओरडून सांगितलं होतं, लिहून घेणारा हा पहिलाच. समितीचे तिघे उठून बाहेर चिंचेखाली गेले. पंधरा मिनिटं. राव आणि श्रीविद्या आत थांबली. टाकीतून बुडबुड्यांचा आवाज येत होता.

तिघे परत आले. विष्णुवर्धन आधी श्रीविद्येकडे वळले. "तापमानाचं जे लिहिलंत ते चूक होतं. शास्त्रात असलं लिहायचं नसतं."

"चूक माझी, सर," ती म्हणाली. तिनं मान खाली घातली नाही.

"पण का पडली हे ज्या टाकीचं माहीत आहे," ते पुढे म्हणाले, "ती टाकी मला दुसऱ्या दहांपेक्षा जास्त भरवशाची वाटते. तीन वर्षं इथेच चालेल. आणि आणखी एक टाकी दुसऱ्या देवळांच्या गावी बसवायची आहे. तिथेही मंडप, तिथेही विडे. ती सुरू करण्याआधी हे गृहस्थ तिथे जाऊन येणारा कचरा बघतील. त्यांच्याशिवाय मी झाकण लावू देणार नाही."

रावांना पहिल्यांदा वाटलं कानांनी पुन्हा हवं तेच ऐकलं. मग त्यांनी श्रीविद्येचा चेहरा पाहिला. ती हसत होती आणि डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. राव कुणाचीही पर्वा न करता मोठ्यानं हसले, इतक्या मोठ्यानं की आवाराबाहेरचा रिक्षावाला आत डोकावला. गुडघ्यांचं दुखणं त्यांना त्या वेळी आठवलंही नाही.

"जाण्याआधी नोंद दुरुस्त करा," विष्णुवर्धन म्हणाले. "मला ती आजच बरोबर न्यायची आहे."

श्रीविद्येनं नोंदवही उघडली. बिघाडाच्या पानावर तीन रकाने होते. कारण, जबाबदार, आणि शोध कुणी लावला. पहिल्यात तिनं 'थंडी' खोडून 'विड्याची पानं' लिहिलं. मग मधल्या रकान्यावरून उडी मारून तिनं तिसऱ्यात मोठ्या अक्षरांत 'जानकीराम राव' असं लिहिलं, आणि वही मिटायला घेतली.

रावांनी वहीवर हात ठेवला.

"मधलं राहिलं."

"मामा, राहूं द्या. कोण विचारत नाही आतां."

"लिही गे. लाज कशाची? पंगतींत पायसम जमलं तर मी, सांबारांत मीठ जास्त होलं तरी मीच. आचाऱ्याचं नांव दोहींकडे असतं."

विष्णुवर्धनांना मराठी कळत नव्हतं, तरी ते थांबून बघत होते. श्रीविद्येनं डोळे पुसले, पेन घेतलं आणि मधल्या रकान्यात तेच नाव तेवढ्याच मोठ्या अक्षरांत लिहिलं. रावांनी वही हातात घेऊन दूर धरली, दोन्ही नावं सावकाश वाचली, अक्षर चांगलं आहे म्हणाले, आणि ती समितीच्या हाती दिली.